राज्य स्पर्धेआधीच्या आठ आठवड्यांत स्पॅरिंग किती करावं?

जिल्हा किंवा राज्य स्पर्धेची तारीख लागली की बॉक्सिंगच्या हॉलमध्ये पहिली मागणी होते ती स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, वाढवण्याची. पोरं रोज रिंगमध्ये उतरायला बघतात आणि पालकांनाही वाटतं की जितकं जास्त, तितकी तयारी पक्की. हा समज साफ चुकीचा आहे. ज्याच्या दहाच्या आत बाउट (स्पर्धेतल्या लढती) झाल्या आहेत अशा खेळाडूला आठवड्यातून दोन दिवस स्पॅरिंग पुरतं, स्पर्धा जवळ आली की तीन दिवस. त्यातही पूर्ण जोराचे राउंड आठवड्याला तीन, फार तर चार. डोक्याला बसलेला मार साचत जातो, आणि सरावात खाल्लेल्या माराचे गुण कोणीही देत नाही.

आधी बाउट किती लांबीची असते ते बघा. सीनियर पुरुष आणि महिला दोघांनाही तीन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एक-एक मिनिट विश्रांती. ज्युनियर गटात, म्हणजे १५-१६ वर्षांच्या मुलामुलींना, दोन मिनिटांचे तीन राउंड. रिंगमधलं काम एवढंच, नऊ किंवा सहा मिनिटांचं. पाच जज प्रत्येक राउंड दहा गुणांच्या पद्धतीने (राउंड जिंकणाऱ्याला दहा, दुसऱ्याला कमी) वेगवेगळा मोजतात, त्यामुळे अंग गरम व्हायला एक राउंड घालवणारा तिथेच मागे पडतो. दम वाढवायला धावणं आहे, बॅगवर आणि कोचने धरलेल्या पॅडवर ठोसे मारणं आहे. स्पॅरिंग करायचं ते अंतर, वेळ आणि निर्णय पक्के करण्यासाठी. दम वाढवायला स्पॅरिंग वापरलं की थकलेल्या खेळाडूचा गार्ड (तोंडापुढे धरलेले हात) खाली येतो आणि दर वेळी तोच तोच ठोसा तोंडावर बसतो.

प्रकार वेगळे, हिशेब वेगळा

‘आज सहा राउंड स्पॅरिंग केलं’ यातून काहीच कळत नाही. कसले सहा राउंड, ते महत्त्वाचं. अटीचं स्पॅरिंग म्हणजे दोघांना ठरावीक काम दिलेलं असतं: एकाने फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारायचा, दुसऱ्याने फक्त चुकवायचा. बॉडी स्पॅरिंगमध्ये खांद्याच्या वर ठोसा नाही. टेक्निकल स्पॅरिंगमध्ये सगळे ठोसे चालतात, पण जोर तीस-चाळीस टक्के. वेग पूर्ण ठेवायचा, ठोसा लागताना हात सैल सोडायचा. आणि ओपन, म्हणजे बाउटसारखं. दहापैकी सात-आठ राउंड पहिल्या तीन प्रकारांत गेले पाहिजेत.

नवीन मुलाला पहिले तीन-चार महिने अटीच्या स्पॅरिंगलाही घाई करू नका. तीन राउंड पॅड मारून झाल्यावरही जॅबनंतर हात गालाशी परत येतो का, मागे सरकताना पाय एकमेकांत अडकत नाहीत ना, ठोसा येताना तो डोळे मिटून मान फिरवतो का, हे बघा. मान फिरवणारा मुलगा ओपनला उतरवला तर कानामागे आणि मानेवर मार खातो आणि भीती आणखी घट्ट बसते. त्याला एक महिना जॅब-चुकवणं द्या. डोळे उघडे राहायला लागले की पुढे न्या.

आठ आठवड्यांचं गणित

पहिली बाउट आठव्या आठवड्याच्या शेवटी आहे असं धरू.

पहिले दोन आठवडे: दोन दिवस, दर दिवशी दोन मिनिटांचे ४ ते ५ राउंड, सगळे अटीचे किंवा बॉडी. ओपन शून्य. याच काळात धावणं आणि ताकदीचं काम जास्त असतं, पाय जड असतात. जड पायांनी ओपन करू नये.

तिसरा-चौथा: दोन दिवस. एक दिवस ५ राउंड अटीचे. दुसऱ्या दिवशी २ टेक्निकल आणि त्यानंतर २ ओपन, दोन-दोन मिनिटांचे.

पाचवा-सहावा हा सगळ्यात भारी टप्पा. मंगळवारी अटीचे ४ ते ६, गुरुवारी टेक्निकल ४, शनिवारी ओपन ३, बाउटच्याच वेळेचे. बाउटच्या लांबीचे राउंड पेलणारा खेळाडू असेल तर चौथा द्या, पण तिसऱ्यात गार्ड पडला असेल तर चौथा नको. दोन ओपन दिवसांमध्ये किमान तीन पूर्ण दिवस जाऊ द्या.

या आखणीला एकच अपवाद ठेवावा. आपल्याकडच्या स्पर्धांत बाउट लागोपाठच्या दिवशी येतात; पदकापर्यंत जायचं तर आठवड्यात तीन-चार बाउट खेळाव्या लागतात, आणि ज्या दिवशी बाउट त्या सकाळी वैद्यकीय तपासणी आणि वजन. आखडलेल्या खांद्यांनी, कालचा मार अंगावर असताना रिंगमध्ये उभं राहणं हे वेगळं कौशल्य आहे. म्हणून सहाव्या आठवड्यात एकदाच शनिवारच्या ओपननंतर रविवारी सकाळी ३ राउंड टेक्निकल करा. डोक्यावर फक्त स्पर्श, जोर पोटावर. शनिवारी डोक्याला काही जाणवलं असेल तर रविवार रद्द.

सातव्या आठवड्यात, पहिल्या बाउटच्या नऊ-दहा दिवस आधी, शेवटचं ओपन घ्या आणि ते हुबेहूब बाउटसारखं करा. मधे रेफ्री, दोन्ही कॉर्नरला माणूस आणि स्टूल, वॉर्मअपनंतर वीस मिनिटं बसवून ठेवून मग नाव पुकारायचं. स्पर्धेत असंच होतं. आधीची बाउट लांबते, अंग थंड पडतं. पुन्हा पाच मिनिटांत गरम कसं व्हायचं ते इथेच शिकायला मिळतं. ३ राउंड, चौथा नाही. त्यानंतर दोनदा टेक्निकल, ३-३ राउंड. शेवटचे पाच दिवस ठोसा खायचा नाही आणि द्यायचाही नाही. शॅडो (समोर कुणी नसताना हवेत ठोसे), पॅड, पायांचं काम एवढंच. नाकाला किंवा भुवईला झालेली जखम पाच दिवसांत भरत नाही, आणि तपासणीत डॉक्टर थांबवतात.

अटीचा एक राउंड नीट कसा घ्यावा

वेळ दोन मिनिटं. पहिली तीस सेकंद ‘अ’ फक्त जॅब मारतो, ‘ब’ फक्त उजव्या हाताने पॅरी करतो (ठोसा हाताने बाजूला ढकलतो) किंवा डोकं बाहेरच्या बाजूला नेतो. तिसाव्या सेकंदाला टाळी: आता ‘ब’ने प्रत्येक पॅरीनंतर एकच जॅब परत करायचा. एक मिनिटाला टाळी: ‘अ’ दोराला पाठ लावून उभा, ‘ब’ बॉडीवर काम करतो, ‘अ’ने डावा पाय टेकवून कोनातून बाहेर पडायचं; बाहेर पडला की पुन्हा दोराला. शेवटची तीस सेकंद दोघांना जॅब आणि क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) मोकळे. पुढच्या राउंडला कामं उलट. जोर वाढायला लागला तर टाळी वाजवून पुन्हा पहिल्या तीस सेकंदांच्या कामावर आणा.

सहाव्या आठवड्यापासून एक अट रोज घाला: ‘पहिला राउंड हरला आहेस, दुसऱ्याची नव्वद सेकंद उरली आहेत.’ गुणांनी मागे असताना घाईने हात फेकणारे आणि शांतपणे अंतर काढून मारणारे इथे वेगळे दिसतात.

एका रिंगमध्ये पंचवीस मुलं असतील तर मधून दोर बांधून दोन भाग करा. अटीच्या कामाला अर्धी रिंग पुरते. ओपनला मात्र पूर्ण रिंग द्या आणि एकाच वेळी एकच जोडी.

जोडीदार

ओपनसाठी वजनातला फरक ३ ते ५ किलोच्या आत, आणि अनुभवही जवळपास. टेक्निकल आणि अटीच्या कामात दहा किलोचा फरकही चालतो, मोठ्याने हात आवरला तर. महिन्याचे जोडीदार ढोबळमानाने तीन वाटे करा: थोडे भारी, बरोबरीचे, थोडे कच्चे. सतत भारी माणसासमोर उभा राहणारा फक्त मारापासून वाचायला शिकतो. स्वतःचं काही करून बघण्याची जागाच त्याला मिळत नाही. आठवड्यातून एकदा साउथपॉ (उजवा हात-पाय पुढे ठेवणारा डावखुरा) मिळवाच, शेजारच्या क्लबातून बोलवावा लागला तरी. स्पर्धेत पहिल्यांदा डावखुरा भेटला की पुढचे पाय एकमेकांवर पडतात आणि अख्खा राउंड पाय सोडवण्यात जातो.

मुलींना त्यांच्या वजनाच्या जोडीदारीण क्वचित मिळतात आणि त्यांना मुलांसोबत उतरवलं जातं. टेक्निकलपर्यंत ठीक. ओपन मात्र मुलीशीच, त्यासाठी महिन्यातून दोनदा दुसऱ्या क्लबात जावं लागलं तरी जा. १६ वर्षांच्या आतल्यांना तर डोक्यावरचं ओपन शक्य तितकं कमी, बाउटआधी एक-दोनदा पुरे. बाकी बॉडी आणि अटीचं.

जोर का वाढतो

स्वतः मारलेला ठोसा हलका वाटतो, खाल्लेला जड. म्हणून तीस टक्क्यांनी सुरू झालेला राउंड दोघांपैकी कुणीही वाईट हेतूचा नसताना दीड मिनिटात ऐंशीवर जातो. यावर खेळाडूंच्या समजूतदारपणावर विसंबू नका. जोर राउंडआधी मोठ्याने सांगा, बाहेरचा माणूस लक्ष ठेवेल. एकदा टोका, दुसऱ्यांदा वाढला की उरलेला राउंड बॉडीवर न्या. बाहेरून आरडाओरडा करणाऱ्या मित्रमंडळींना रिंगपासून लांब ठेवा, निम्मा जोर त्यांच्यामुळे वाढतो.

दर राउंडला ताजा जोडीदार बदलून एकालाच उभं ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते. थकलेल्या डोक्यावर ताजे हात, यात शिकण्यासारखं थोडंच असतं. करायचंच तर बॉडीपुरतं करा.

स्पॅरिंग वॉर्मअपनंतर लगेच घ्या, सत्राच्या शेवटी नाही. वजन उतरवण्यासाठी पाणी कमी केलेल्या दिवसांत ओपन अजिबात नको. शरीरात पाणी कमी असताना डोक्याला बसलेला मार जास्त धोक्याचा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत सत्राआधी आणि नंतर वजन करा. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट झाली, म्हणजे साठ किलोच्या मुलाचं सव्वा किलो गेलं, तर पुढचे राउंड बंद.

साहित्य

स्पॅरिंगचे ग्लोव्हज साधारण ६५ किलोपर्यंत १४ औंस, त्यावर १६ औंस. बाउटचे १० किंवा १२ औंसचे ग्लोव्हज ओपनला वापरू नयेत. बॅगचे ग्लोव्हज वेगळे ठेवा, कारण बॅगवर गादी दबून कडक होते. ग्लोव्ह घालून अंगठ्याने बोटांच्या सांध्यांवर दाबा. हाडं हाताला लागली तर तो ग्लोव्ह माणसावर चालवायचा नाही. साडेचार मीटरचं बँडेज, दातांवर नीट बसवलेलं गमशील्ड, सेंटर गार्ड (जांघेचं संरक्षण) हे अटीच्या कामालाही सक्तीचं. सीनियर पुरुषांच्या बाउटमधून २०१३ मध्ये हेडगार्ड गेलं म्हणून सरावात ते काढू नका. ते फाटण्या-सुजण्यापासून वाचवतं. मेंदूला बसणारा हादरा ते थांबवत नाही, त्यामुळे ‘हेडगार्ड आहे, मार बिनधास्त’ हे वाक्य कुणी बोललं तर त्याला रिंगबाहेर काढा.

वही आणि डोकं

प्रत्येक खेळाडूची एक वही असावी. एक नोंद अशी: ‘शनि. ओपन ३×३. जोडीदार ६० किलो, उजवा. जोर ७. डोक्यावर स्वच्छ बसलेले: २, १, ५. तिसऱ्यात जॅबनंतर हात खाली. रविवारी सकाळी डोकं ठीक.’ यातला तिसऱ्या राउंडचा पाच हा आकडा पुढचा आठवडा ठरवतो: ओपन बंद, जॅबनंतर हात परत आणण्याचं काम. दोन आठवडे तिसऱ्या राउंडचा आकडा वाढता दिसला तर दम कमी पडतोय, स्पॅरिंग कमी करून धावणं वाढवा.

ठोशानंतर नजर हरवली, पाय लटपटले, प्रश्नाचं उत्तर उशिरा आलं, डोकं दुखलं, मळमळलं, उजेड टोचला, यातलं एकही दिसलं तर त्या दिवसाचं सगळं थांबवा. ‘बरं वाटतंय सर’ हे ऐकू नका. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, मग हलकं धावणं, मग शॅडो, मग बॅग. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस आणि लक्षण परतलं तर एक पायरी मागे. स्पॅरिंग डॉक्टरांनी लेखी हो म्हटल्यावरच. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळूपणा, झटका, एक बाहुली मोठी दिसणं, यात वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. डोक्याच्या ठोशाने नॉकआउट झाला किंवा रेफ्रीने बाउट थांबवली तर किमान ३० दिवस बाउटही नाही आणि स्पॅरिंगही नाही. शुद्ध हरपली असेल तर ही मुदत आणखी वाढते. ती मुदत सरावालाही लागू असते, हे पालकांना कागदावर लिहून द्या.

स्पर्धा नीट पार पडली, हरला किंवा जिंकला, तरी पहिला आठवडा ग्लोव्हज माणसावर चालवायचे नाहीत. दुसऱ्या आठवड्यात बॉडीचे ३ राउंड, तिसऱ्यात अटीचं काम, आणि ओपन पुढची तारीख लागल्यावर, पुन्हा त्या आठ आठवड्यांतल्या तिसऱ्या आठवड्यापासून.