साठ जणांच्या अंघोळी आणि चाळीस मीटरवरचा नळ

इंदूरच्या एखाद्या ३० खोल्यांच्या धर्मशाळेत हिवाळ्यात सकाळी सहा ते आठमध्ये साठ जणांच्या अंघोळी उरकायच्या असतात. गरम पाण्याची टाकी या गर्दीवरून ठरवा, दिवसाच्या सरासरीवरून नाही. माणशी दोन बादल्या, म्हणजे ४२ अंशांचे ४० लिटर. गच्चीवरचे पाणी १८ अंश धरले, तर त्यात ६० अंशांचे २३ लिटर लागते. साठ जणांचे झाले १,३८०. खालून गार पाणी शिरत राहिल्याने टाकीतले शेवटचे पाव पाणी कोमटच निघते, म्हणून २,००० लिटरची टाकी घ्या. रात्रीच्या सहा तासांत ती तापवायला सुमारे १६ किलोवॉट उष्णता लागते. हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणाऱ्या हीट पंपाला वीज साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्शाची.

खरी रड लांबीची. आतून २५ मिलिमीटर पाइपात दर मीटरला अर्धा लिटर पाणी उभे असते. ४० मीटरवरच्या खोलीत आधी २० लिटर गार पाणी मोरीत जाते, मिनिटाला सहा लिटर देणाऱ्या नळाला तीन मिनिटांहून जास्त. प्लंबर म्हणेल, जाड पाइप टाकू. नको, उभे पाणी आणखी वाढेल.

शेवटच्या खोलीपासून टाकीपर्यंत रिटर्न लाइन आणा, म्हणजे पाणी पाइपात उभे न राहता टाकीकडे फिरत राहील; तिच्यावर छोटा पंप आणि पाणी उलटे न जाऊ देणारा नॉन-रिटर्न वॉल्व्ह बसवा. पाइपांवर उष्णता अडवणारे २५ मिलिमीटर जाडीचे नायट्राइल रबर चढवले की मीटरला साधारण १० वॉट उष्णता वाया जाते. ८० मीटरच्या फेऱ्यात ८०० वॉट. पाच अंशांची घट चालवून घेतली, तर मिनिटाला अडीच लिटर फिरवणे पुरते! तरी लोक अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप लावतात आणि टाकीतले गरम-गार सगळे ढवळून टाकतात. टाकी ६० अंशांवर ठेवा, रिटर्न ५० च्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर लीजिओनेला जिवाणू वाढतात. दोन विंग असतील तर प्रत्येक रिटर्नला प्रवाह कमी-जास्त करणारा बॅलन्सिंग वॉल्व्ह हवाच. पाणी जवळची वाट धरते आणि लांबची विंग गारच राहते.

सीपीव्हीसी या गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपाची ३० मीटर सरळ लाइन ४० अंशांनी तापली की जवळजवळ आठ सेंटिमीटर वाढते. क्लॅम्प घट्ट आवळले तर एल्बो, म्हणजे कोपऱ्याचा जोड, तडकतो; मध्ये यू आकाराचा वळसा द्या.

२,००० लिटर पाणी तापताना ३० लिटर फुगते. गार पाण्याच्या तोंडाशी नॉन-रिटर्न वॉल्व्ह असून व्हेंट पाइप, म्हणजे वर उघडी सोडलेली नळी, नसेल, तर टाकी फुटते. व्हेंट गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून उंच न्या, त्याच्यावर कुठलाही वॉल्व्ह नको. बोरिंगचे पाणी जड असेल तर पाणी तापवणाऱ्या कॉइलवर क्षार बसतात. गरम लाइनला शहराच्या नळाला येणारे नर्मदेचेच पाणी जोडा.