मेल गेला, पण पोचला कुठे? वेबमेल वापरताना या चुका टाळा

नंदुरबारला मिरचीचा व्यापार करणारे माझ्या ओळखीचे एक भाऊ आहेत. मागच्या हंगामात त्यांनी परराज्यातल्या एका मसाला कारखान्याला भाव कळवला आणि दोन दिवस उत्तराची वाट पाहिली. "मेल तं कवयच धाडेल शे, भाऊ," असं ते मला फोनवर सांगत होते. मेल खरंच गेला होता, पण समोरच्याच्या स्पॅम फोल्डरमध्ये पडून होता. तो सापडेपर्यंत कारखान्याने माल दुसरीकडून उचलला होता.

मी जळगावात छोट्या व्यवसायांच्या वेबसाइट आणि मेलची कामं बघतो. केळीची पॅकिंग हाऊस, डाळ मिल, चटईचे कारखाने, कृषी सेवा केंद्रं, सगळीकडून हीच तक्रार येते. ज्यांनी कधी कुणाला नको असलेला मेल पाठवला नाही, त्यांचेच मेल अडकतात, याचं मला फार वाईट वाटतं. मग ही मंडळी मजकूर बदलत बसतात. 'ऑफर' शब्द काढतात, विषय बदलून पुन्हा पाठवतात. पण बहुतेक वेळा दोष मजकुरात नसतोच. पाठवणारा नेमका कोण, हे समोरच्या सर्व्हरला पटलेलं नसतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक : ओळखीचे कागद नसणं

रावेरहून केळीचा कंटेनर न्हावा-शेवाकडे निघतो, तेव्हा त्याच्या दाराला नंबरचं सील असतं आणि ड्रायव्हरकडे कागद असतात. कागद नसलेली गाडी कुणी आत घेत नाही. तुमच्या डोमेनवरून (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं तुमचं नाव) निघालेल्या मेलचंही तसंच आहे. 'एसपीएफ' म्हणजे तुमच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची जाहीर यादी. 'डीकेआयएम' म्हणजे सील : मेल तुमच्याकडूनच निघाला आणि वाटेत कुणी त्यात फेरफार केला नाही, याची खूण. 'डीमार्क' ही मालकाची सूचना. वरच्या दोन्हींपैकी एकही गोष्ट 'फ्रॉम'मधल्या नावाशी जुळली नाही, तर मेल येऊ द्यायचा, स्पॅममध्ये टाकायचा की परत फिरवायचा, हे ती सांगते. तिन्ही नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या जाहीर नोंदवहीत असतात.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू याबाबत कडक झाले आहेत. जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी सक्तीच्या आहेत. "आम्ही कुठे पाच हजार पाठवतो?" असं मला दर वेळी ऐकायला मिळतं. पण एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं किमान एक तरी हवं, हा नियम दिवसाला दहा मेल पाठवणाऱ्यालाही लागू आहे. मी तर सगळ्यांना तिन्ही करायला लावतो. डीमार्क सुरुवातीला नुसतं नजर ठेवण्यापुरतं, म्हणजे 'नन' (काहीच कारवाई नको) वर ठेवावं.

तपासणं सोपं आहे. वेबमेलमधून (ब्राउझरमध्ये उघडणारा तुमच्या डोमेनचा मेल) स्वतःच्याच जीमेलवर एक मेल पाठवा. तो कॉम्प्युटरवर उघडा आणि तीन टिंबांच्या मेनूतून 'शो ओरिजिनल' निवडा. वरच्या चौकटीत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कसमोर 'पास' आहे की 'फेल' ते दिसेल. एखादी ओळच नसेल, तर बहुधा ती नोंदच केलेली नाही.

यातही दोन घोटाळे मला वारंवार सापडतात. होस्टिंग (वेबसाइट आणि मेलसाठी भाड्याने घेतलेली सर्व्हरची जागा) बदललं की नवीन एसपीएफ टाकतात आणि जुनं तसंच ठेवतात. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन असल्या की तपासणीच फसते, म्हणून दोन्हीतले सर्व्हर एका ओळीत घ्यायचे. दुसरा घोटाळा सीपॅनलमधला, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पानावरचा. तिथे 'ईमेल डिलिव्हरेबिलिटी'मध्ये 'रिपेअर'चं बटण असतं. पण डोमेनचे नेमसर्व्हर (डीएनएस ठेवणारे सर्व्हर) दुसऱ्या कंपनीकडे असतील, तर त्या बटणाचा उपयोग होत नाही. तिथे दिसणारी नोंद कॉपी करून, जिथे डीएनएस आहे तिथे हाताने टाकावी लागते. यात कित्येकांचे महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत.

वेबसाइटचा चौकशी फॉर्म

ग्राहक फॉर्म भरतो आणि वेबसाइट त्याचाच याहू किंवा जीमेलचा पत्ता 'फ्रॉम'मध्ये घालून तुम्हाला मेल पाठवते. म्हणजे तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने मेल धाडतो. याहूने तर २०१४ पासूनच असे मेल परत फिरवायची सूचना लावली आहे, त्यामुळे ती चौकशी तुमच्यापर्यंत येतच नाही. 'फ्रॉम'मध्ये तुमच्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि ग्राहकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये घ्या.

भावपत्रक एकदम तीनशे जणांना

हंगाम सुरू झाला की बीसीसीमध्ये सगळी यादी टाकून मेल सोडायचा मोह होतो. त्या यादीत जुने, बंद पडलेले पत्ते असतात आणि कुठून तरी विकत घेतलेलेही असतात. मेल परत येतात, काही लोक 'स्पॅम' दाबतात आणि डोमेनचं नाव खराब होतं. तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांवर जाऊ देऊ नका, ०.१ च्या खालीच ठेवा, असं गुगल सांगतं. हजारात तीन तक्रारी म्हणजे धोक्याची रेषा. ज्यांनी स्वतःहून भाव मागितला, त्यांनाच पाठवा, आणि नको म्हणणाऱ्याचं नाव त्याच दिवशी काढा.

मजकुरातल्या खऱ्या अडचणी

मजकुरामुळे मेल कधीच अडकत नाही असं नाही. नुसता पत्रकाचा फोटो आणि खाली एक ओळही नाही, छोट्या केलेल्या लिंक, पासवर्ड घातलेली झिप फाइल, रिकामा विषय, हे टाळा. आपल्याकडची आणखी एक अडचण फॉन्टची. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर मेलमध्ये चिकटवला, की समोरच्याला निरर्थक रोमन अक्षरं दिसतात आणि तो साहजिकच मेलला स्पॅम ठरवतो. मराठी लिहा, जरूर लिहा, पण युनिकोडमध्ये.

अचानक सगळेच मेल अडकायला लागले तर

कालपर्यंत सुरळीत पोचत होतं आणि आज एकही मेल जात नसेल, तर आधी पासवर्ड बदला. तुम्ही न पाठवलेल्या मेलचे 'पोचला नाही' असे निरोप येत असतील, तर तुमच्या खात्यातून दुसरंच कुणी मेल सोडतंय हे जवळपास नक्की समजा. पासवर्ड बदलल्यावर वेबमेलमधले फॉरवर्ड आणि फिल्टरही बघा, कारण चोर तिथे स्वतःचा पत्ता ठेवून जातो. खातं साफ असेल, तर स्वस्त होस्टिंगमध्ये तुमच्याच सर्व्हरवर असलेल्या दुसऱ्या कुणाच्या उद्योगामुळे आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा नंबर, काळ्या यादीत गेलेला असू शकतो. अशा काळ्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाऊस या संस्थेच्या साइटवर तो तपासा आणि होस्टिंगवाल्यांना लेखी कळवा.

घेणाऱ्यानेही बघावं

जीमेलमधला स्पॅम ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो. म्हणून नेहमीच्या ग्राहकाला फोन करून सांगा : मेल उघडून 'नॉट स्पॅम' दाबा आणि पत्ता कॉन्टॅक्टमध्ये ठेवा. कॉम्प्युटरवर फिल्टर करून 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' लावलं तर आणखी चांगलं. मात्र स्पॅममधल्या मेलमध्ये बदललेला बँक खाते क्रमांक असेल, तर आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

डीएनएसमधला बदल सगळीकडे पोचायला काही तास, कधी दोन दिवसही लागतात. बिघडलेलं नाव सुधारायला मात्र आठवडे जातात. त्या काळात ज्यांच्याकडून उत्तर हमखास येतं, अशांनाच थोडे थोडे मेल करा. नंदुरबारच्या भाऊंनी पहिले पंधरा दिवस फक्त जुन्या ग्राहकांना मेल केले, आणि प्रत्येकाला फोनवर एवढंच विचारलं : इनबॉक्समध्ये आला का?