मराठीत एक शब्द, इंग्रजीत दोन: नेमका कोणता वापरायचा?

जवळच्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करून फारसं हाती लागत नाही. आपली चूक बहुतेक वेळा होते ती मराठीत एकाच शब्दावर काम भागतं तिथे. म्हणून आधी आपलं मराठी वाक्य नीट तपासावं. कोणता इंग्रजी शब्द घ्यायचा याची खूण पुष्कळदा त्यातच सापडते.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘पर्यंत’. ‘शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत दुकान बंद आहे’ या दोन्ही वाक्यांत शब्द एकच, पण इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’ लागतो, दुसऱ्याला ‘अनटिल’. ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारच्या आत फॉर्म भरा’ चालतं, म्हणून ‘बाय फ्रायडे’. ‘शुक्रवारच्या आत दुकान बंद आहे’ चालत नाही, कारण बंद असणं सलग चालू आहे, तिथे ‘अनटिल’. ‘आय विल फिनिश इट अनटिल फ्रायडे’ हे म्हणूनच चुकीचं. काही वाक्यांत तर दोन्ही शब्द व्याकरणात बसतात आणि अर्थ उलटा होतो. ‘आय विल बी हिअर बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारी किंवा त्याआधी मी इथे पोहोचलेला असेन. ‘अनटिल फ्रायडे’ म्हटलं तर शुक्रवार येईतो मी इथेच आहे, मग निघणार. ईमेलमध्ये ही अदलाबदल महागात पडते. शिवाय ‘अनटिल १५ जून’मध्ये १५ तारीख धरली की नाही, हे नुसत्या शब्दावरून पक्कं होत नाही. तारीख धरायची असेल तर ‘अप टू अँड इन्क्लूडिंग’ असं स्पष्ट लिहावं. अंतरासाठी मात्र यातला एकही नको: ‘स्टेशनपर्यंत चालत गेलो’ याला ‘ॲज फार ॲज द स्टेशन’.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतला फरक मराठी माणसाला खरं तर सोपा जायला हवा, कारण आपल्याकडे ‘च’ आहे. ‘थोडे लोक आले’ याला ‘अ फ्यू पीपल केम’, आणि ‘थोडेच लोक आले’ याला ‘फ्यू पीपल केम’. मराठीत ‘च’ लावला की इंग्रजीत ‘अ’ काढायचा. मोजता न येणाऱ्या गोष्टींना हाच नियम ‘लिटल’साठी: ‘अ लिटल टाइम’ म्हणजे थोडा वेळ आहे, बसू या, ‘लिटल टाइम’ म्हणजे वेळ थोडाच उरलाय.

‘हिअर’ आणि ‘लिसन’साठी ‘ऐकू येणं’ आणि ‘ऐकणं’ वेगळे करा. कानावर आपोआप पडतं ते ‘हिअर’, लक्ष देऊन ऐकतो ते ‘लिसन’, आणि काय ऐकतो ते सांगायचं तर मागोमाग ‘टू’ हवाच. ‘ती माझं ऐकत नाही’ याला ‘शी डझन्ट लिसन टू मी’. ‘शी डझन्ट हिअर मी’ म्हटलं तर तिला ऐकूच येत नाही असा अर्थ होतो. एक अपवाद लक्षात ठेवा: ‘बातमी ऐकली’ म्हणजे ती कळली, तिथे ‘हर्ड द न्यूज’.

‘सावली’ला आकार असेल तर ‘शॅडो’, नुसता उन्हापासून आडोसा असेल तर ‘शेड’. झाडाखाली बसायचं ते ‘इन द शेड’.

‘उंच’चं थोडक्यात: माणूस, झाड, इमारत ‘टॉल’, डोंगर, ढग, छताचा पंखा ‘हाय’. १६४६ मीटरचं कळसूबाई ‘हाय’, त्यावर उभा असलेला सहा फुटी माणूस ‘टॉल’.

वहीत नोंद करताना पानाच्या डोक्यावर मराठी शब्द लिहा, खाली दोन्ही इंग्रजी शब्द, आणि प्रत्येकापुढे स्वतः बनवलेली दोन मराठी वाक्यं भाषांतरासह. इंग्रजी-मराठी कोश इथे अपुरा पडतो, कारण त्यात दोन्हींपुढे बहुधा तोच मराठी अर्थ दिलेला असतो. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश उघडा आणि व्याख्येआधी उदाहरणं वाचा: शब्दामागे ‘टू’ येतो की ‘फ्रॉम’, आधी ‘अ’ लागतो की नाही, हे तिथेच दिसतं.