या चुका टाळा: खेकड्यातले सूक्ष्म परजीवी ओळखताना

आधी माझीच फजिती सांगतो. एम.एस्सी.ला असताना रत्नागिरीहून आणलेला एक नर खेकडा उघडला, आतली पांढरी गुंडाळी नळी चेपून स्लाइडवर घेतली. मायक्रोस्कोपच्या ४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली (स्लाइडजवळच्या भिंगाखाली) पारदर्शक गोल पिशव्या दिसल्या आणि प्रत्येकीत ठासून भरलेले चांदण्यांसारखे बारीक कण. शेपूट नाही, हालचाल नाही. परजीवीच्या बीजाणूंची पिशवीच सापडली म्हणून मी वहीत ऐटीत आकृती काढली आणि सरांना हात धरून आणलं. सरांनी डोळा लावला आणि हसले. "अरे, हे त्याचं वीर्य आहे की!" खेकड्याच्या शुक्रपेशीला शेपूट नसतं, ती पोहत नाही, चांदणीसारखे हात पसरून पिशवीत पडून असते. पुस्तकात हे होतं. मी ते पान वाचलं नव्हतं.

आता प्रोजेक्टवाली पोरं माझ्याकडे "सर, सापडला!" म्हणत येतात, तेव्हा मी आधी दोनच गोष्टी विचारतो. खेकडा नर होता की मादी, आणि उघडला तेव्हा जिवंत होता का?

दुसरा प्रश्न कोल्हापूरकरांसाठी जास्त महत्त्वाचा. आपल्याकडे समुद्र नाही. रत्नागिरी आंबा घाटातून सुमारे १३० किलोमीटर, आणि या घाटातच निम्मे 'परजीवी' जन्माला येतात. पोरं प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून खेकडे आणतात. पाण्यातला ऑक्सिजन मलकापूरच्या आधीच संपतो आणि खेकडा गुदमरून मरतो. मेलेल्या खेकड्याची पाचकग्रंथी स्वतःच्याच पाचकरसात विरघळायला लागते. काही तासांत तिचा पातळ रस्सा होतो, बॅक्टेरिया माजतात, झालरवाले एकपेशीय जीव कल्ल्यांवरून आत सरकतात. मग स्लाइडवर जे वळवळतं, त्याचा खेकड्याच्या आजाराशी काही संबंध उरलेला नसतो.

कोळणी कुर्ल्या कशा ठेवतात ते बघा: नांगी बांधून, ओल्या गोणपाटात, पाण्याबाहेर. कल्ले ओले राहिले की खेकडा बराच वेळ हवेवर तग धरतो. बर्फ ठेवायचा तर गोणपाटाखाली, बंद पिशवीत. वितळलेलं गोडं पाणी अंगावर जाता कामा नये. उघडण्याआधी मात्र बर्फात चांगला गार करून बधिर करा. त्याला त्रास कमी आणि तुमची बोटंही शाबूत.

जिवंत आणणं जमणारच नसेल तर किनाऱ्यावरच फिक्स करा, म्हणजे ऊतक सडू नये म्हणून रसायनात बुडवा. डेव्हिडसन द्रावण लिटरभर करायचं तर ९५ टक्के अल्कोहोल ३३० मिली, फॉर्मॅलिन २२०, ग्लेशियल अॅसिटिक अॅसिड ११५ आणि पाणी ३३५. ऊतकाच्या दहापट द्रावण घ्या, कवच फोडून आत शिरू द्या, २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. सगळा माल यातच बुडवून "डीएनए नंतर बघू" म्हणणारा दरवर्षी एक तरी भेटतो. फॉर्मॅलिनमधून आलेल्या तुकड्यावर पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची चाचणी) बहुतेक वेळा रुसतो. स्नायू आणि पाचकग्रंथीचा एकेक तुकडा वेगळ्या कुपीत, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, तेव्हाच ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ रक्ताच्या स्लाइडवर होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

शेवटच्या पायाच्या मुळाशी जो मऊ पडदा असतो, तिथे बारीक सुई घालून थेंबभर रक्त घ्या. ते पातळ करायला पोरं कपाटातलं ०.८५ टक्क्यांचं नॉर्मल सलाइन घेतात. ते माणसासाठी. समुद्राच्या पाण्यात साधारण ३.५ टक्के क्षार असतात आणि किनाऱ्यावरच्या खेकड्याचं रक्त त्याच्या जवळपास खारट. असल्या रक्तावर नॉर्मल सलाइन म्हणजे जवळजवळ गोडं पाणीच: पेशी फुगतात, फुटतात, केंद्रकं मोकळी तरंगतात. त्या मोकळ्या केंद्रकांना मी 'नवीन प्रोटोझोआ' झालेलं पाहिलंय. येताना समुद्राचं पाणी बाटलीभर गाळून आणा, प्रश्न मिटला. गगनबावड्याकडच्या ओढ्यातल्या खेकड्यावर काम करत असाल तर मात्र हे पाणी चालणार नाही. त्याचं रक्त समुद्री खेकड्याइतकं खारट नसतं.

दुसरं म्हणजे वेळ. निरोगी खेकड्याच्या रक्तपेशी काचेला लागल्या की काही मिनिटांत पसरतात, पाय फोडतात आणि हुबेहूब अमिबासारख्या दिसतात. थेंब ठेवल्या ठेवल्या बघा, आणि तीच जागा दहा मिनिटांनी परत बघा. आधी गोल होतं आणि नंतर पसरलं, तर ती रक्तपेशी असण्याचीच शक्यता जास्त.

यातच हिमॅटोडिनियमचा खरा पेच आहे. रक्तात वाढणारा हा परजीवी डायनोफ्लॅजेलेट (एक प्रकारचा एकपेशीय जीव) चॅटन आणि प्वासाँ या फ्रेंच संशोधकांनी १९३१ साली युरोपातल्या किनारी खेकड्यातून वर्णन केला. रक्त दुधाळ होतं, नीट गोठत नाही, खेकडा मलूल पडतो. पण दुधाळ रक्त बॅक्टेरियामुळेही होतं, म्हणून रंगावरून निकाल देऊ नका. गिम्सा (पेशी रंगवायचा रंग) लावून ऑइल इमर्शनखाली, म्हणजे तेलाचा थेंब घालून वापरायच्या भिंगाखाली, केंद्रक बघा. हिमॅटोडिनियममध्ये गुणसूत्रं घट्ट, गुंडाळलेल्या दोऱ्यांसारखी सुटी दिसतात आणि एकाच पेशीत अनेक केंद्रकं असू शकतात. खेकड्याच्या स्वतःच्या पेशीत एकच केंद्रक, बऱ्याचदा आजूबाजूला कणांची गर्दी.

जुलैत कोल्हापुरात स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) वाळत नाही, हे वेगळं सांगायला नको. हळू वाळला की पेशी आक्रसतात आणि सगळ्याच आजारी दिसायला लागतात. स्लाइड पंख्याखाली धरा. गिम्सा गाळून घ्या आणि नळाच्या पाण्याऐवजी बफर वापरा, नाहीतर रंगाचे कण बॅक्टेरिया म्हणून मोजले जातात.

आता मापाचं. मायक्रोस्पोरिडिया (पेशीच्या आत वाढणारे सूक्ष्म परजीवी) यांचे बीजाणू बहुधा १ ते ५ मायक्रॉनचे असतात; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. स्नायू शिजवल्यासारखा पांढरा, अपारदर्शक दिसला तर तिथला तुकडा चेपून बघा: एकसारखे, चमकदार, लंबगोल कण, टोकाशी फिकट पोकळी. यीस्टही असंच दिसतं, पण यीस्टला कोंब फुटलेले सापडतात. तेलाचे थेंब लहानमोठे असतात, एका मापाचे नसतात. म्हणून मोजायला हवं, आणि पोरं नेमकी इथे चुकतात. आयपीसमधल्या पट्टीचा एक भाग १०च्या ऑब्जेक्टिव्हला १० मायक्रॉन धरला तर ४०ला तो २.५ होतो. जुना आकडा तसाच वापरला की ३ मायक्रॉनचा बीजाणू १२ मायक्रॉनचा होतो आणि सगळं निदानच बदलतं. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला स्टेज मायक्रोमीटर (ठरलेल्या मापाच्या रेघा कोरलेली स्लाइड) लावून आकडा काढा, कागदावर लिहून मायक्रोस्कोपलाच चिकटवा.

आतड्यातल्या ग्रेगॅरिनला जंत म्हणणं हीही नेहमीची चूक. जंत वळवळतो, त्याला स्वतःचं आतडं असतं. ग्रेगॅरिन ही एकच पेशी, एक ठळक केंद्रक, आणि ती काचेवर सरकत जाते. कल्ल्यांवरचे देठवाले जीव तर बहुतेक परजीवी नसतातच, नुसते भाडेकरू. देठ स्प्रिंगसारखा आक्रसला तर व्हॉर्टिसेला, सगळी वसाहत एकदम दचकली तर झूथॅम्नियम, देठ हललाच नाही तर एपिस्टायलिस. फार दाटले तर श्वास अडतो, एवढंच.

पोटाखालच्या पिवळसर गोळ्याला डोळे झाकून अंडी लिहू नका. खेकड्याची अंडी दाणेदार असतात, पोटाखालच्या उपांगांच्या केसांना लगडलेली. सॅक्युलिना या परजीवीची पिशवी गुळगुळीत, एकसंध, आखूड देठाने चिकटलेली. हा बार्नेकलचा (खडकांना चिकटणाऱ्या कवचधारी जीवाचा) भाऊबंद नराचं पोट मादीसारखं रुंद करून टाकतो, त्यामुळे वहीत नर-मादीचा रकानाही चुकतो. आणि या रकान्यापासूनच तर मी सुरुवात केली होती.

शेवटी नावाचं. पाठ्यपुस्तकात किनारी खेकडा म्हणून येतो तो कार्सिनस मीनस. तो मूळचा युरोपातला, कोकणात वसलेला नाही. त्याच्या परजीवींची यादी आपल्या चिखलातल्या कुर्लीला किंवा तीन ठिपक्यांच्या खेकड्याला जशीच्या तशी लावता येत नाही. जात ठरवायला जनुकक्रम किंवा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो, आणि तुमच्याकडे आहे एक स्लाइड. तेव्हा 'मायक्रोस्पोरिडियासारखे बीजाणू, पायाचा स्नायू, ताजी स्लाइड, माप अमुक, खेकडा मादी, जिवंत उघडला' एवढं लिहा. परीक्षक नाव विचारतील, तेव्हा हीच ओळ वाचून दाखवा.