कुलाबा किल्ला चालत गाठायचा तर तिथी बघून निघा

मुंबईकराला अलिबाग म्हटलं की आधी हॉटेल आठवतं, मग बोट, आणि समुद्राची वेळ कोणीच बघत नाही. अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यापर्यंत ओहोटीलाच चालत जाता येतं, तरी मीही ती बघितली नव्हती. आत्याला घेऊन ऐन अमावास्येला साडेअकराच्या सुमारास किनाऱ्यावर पोचलो, तर किल्ला समोर आणि मधे गळाभर पाणी. नारळपाणी पीत तास-दीड तास बसलो. शेवटी आत्या म्हणाली, "किल्ला दाखवायला आणलंस ना? बघितला की!"

तेव्हापासून आमच्या घरी अलिबागचा बेत कालनिर्णयासमोर उभं राहून ठरतो.

आधी तिथी

कोळीवाड्यातला जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. षष्ठी असेल तर सहा पाऊणे साडेचार, म्हणजे साडेचारला भरती. पक्ष कुठलाही असो. त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वादहाच्या आसपास. रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

आता यातून दिवस निवडायचा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी ओहोटीत खूप मागे हटतं खरं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, आणि दुपारी माझ्या आत्यासारखं बसावं लागतं. अष्टमीला ओहोटी सोयीची, बाराच्या सुमाराला, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही कमी, आणि पाणी पुरतं हटत नाही. म्हणून मुंबईहून सकाळी निघणाऱ्याने पंचमी किंवा षष्ठी धरावी. हा हिशोब अदमासाचा आहे. नेमकी वेळ आदल्या रात्री भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या.

पावसाळ्यात हा बेत सोडून द्या. गेटवेच्या लाँच तेव्हा बंद असतात आणि किल्ल्याकडे चालत जाण्याचा प्रश्नच नसतो.

मग बोट

गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला तासाभरात पोचता येतं. सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एखादी पकडा. बऱ्याच कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. तिकीट घेताना ते विचारा आणि परतीची शेवटची बोट कितीची तेही तिथेच विचारा. स्वतःची गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्याहून 2020 पासून रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, आहे. वडखळमार्गे रस्त्यानेही जाता येतं, पण शनिवारी सकाळी त्या रस्त्यावर अडकलात तर समुद्र तुमच्यासाठी थांबणार नाही.

हिवाळ्यात बोटीमागे कुरव पक्ष्यांचा थवा लागतो. त्यांना वेफर्स फेकू नका. आजूबाजूचे फेकतातच, तेवढं पुरे.

समुद्राच्या तळावरून

बसमधून उतरलात की थेट किनारा गाठा. न्याहारी डब्यातून आणलेली बरी. ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागायचं आणि ओहोटीनंतर तासाभरात अलीकडे यायचं. पाणी वळलं की ते दोन्ही बाजूंनी येतं, समोरून येत नाही, त्यामुळे कळायला उशीर होतो. शंका आली तर घोडागाडीवाल्यांना विचारा. त्यांचं पोटच या पाण्यावर आहे.

पायात पट्ट्याच्या सँडल हव्यात. स्लिपर चिखलात रुतून राहते, आणि अनवाणी गेलात तर खडकांना चिकटलेली कालवं तळवा कापतात. हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाय टाकू नका. मुलं बरोबर असतील तर दहा मिनिटं जास्त धरा, कारण ती वाटेत बसणार. ओल्या वाळूवर बोराएवढ्याहून लहान गोळ्यांची नक्षी असते, मध्यभागी एक भोक. त्यातला खेकडा वाळू चाळून खातो आणि उरलेली गोळी मागे टाकतो. सावली पडली की आत. हालचाल न करता उभं राहिलं की मिनिटभरात पुन्हा वर येतो.

किल्ल्यात काय बघायचं

शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये काम सुरू करवलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांचं आरमार इथून चाललं. पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढून आत शिरण्याआधी तटाला हात लावून बघा. मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचलेत, मधे चुना नाही. लाट फटींत शिरते, तिथेच तिचा जोर मोडतो.

आत 1759 चं रघुजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे आणि समोर पुष्करिणी. चहूकडे खारं पाणी असून किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, ती चुकवू नका. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत. तिथूनच हवा स्वच्छ असेल तर थळसमोरचे खांदेरी-उंदेरी हे बेटांवरचे किल्ले दिसतात; यातली खांदेरी 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. तोफेवर बसून फोटो काढणाऱ्यांची रांग असते. आपण तोवर घड्याळ बघावं.

परतीच्या आधी

बाराच्या आत किनाऱ्यावर आलात तर दुपार मोकळी. जेवून गावात कान्होजींच्या समाधीपाशी जा. तिथून आलात की वेधशाळेची गोष्ट मुलांना सांगा: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजमापात गडबड होईल, या भीतीने कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवली. मुंबईचं कुलाबा या कुलाब्याकडे आलं, असं आमच्याकडे गमतीने म्हणतात.

उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलात तर पांढऱ्या कांद्याच्या माळा घ्या. पातीसकट विणलेली माळ बघून घ्या, सुटा कांदा नको. बोटीत डाव्या बाजूला बसलात तर सूर्यास्त मिळतो. माळ मात्र पायाशी ठेवा. मागच्या वेळी मी खिडकीच्या दांडीला अडकवली होती, आणि गेटवेपर्यंत सगळी बोट कितीला घेतली, कुठून घेतली हेच विचारत होती.