सीओपीडीच्या पेशंटला खुर्चीत बसवून ठेवताय? या चुका टाळा

मी ठाण्यात घरी जाऊन फिजिओ देते, त्यात सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे, पेशंट बरेच. फुप्फुसाचं झालेलं नुकसान भरून येत नाही हे खरंय, पण माणूस स्वतःची अंघोळ स्वतः करतो का, चार पावलं खाली उतरतो का, हे बऱ्यापैकी आपल्या हातात असतं आणि तिथेच घरोघरी त्याच त्या चुका.

सगळ्यात मोठी म्हणजे दम लागतो म्हणून बसवून ठेवणं. नौपाड्यातले एक काका, बिल्डिंगला लिफ्ट नाही, दुसरा मजला. मी गेले तेव्हा खिडकीपाशी खुर्ची, हाताशी पाणी, रिमोट, पेपर, दात घासायलाही काकू तिथेच टब आणून द्यायच्या. सेवा अगदी मनापासून, पण काकांच्या मांड्या पार सुकलेल्या. पाय कमजोर झाले की तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो, मग अजून बसणं, मग अजून कमजोरी. मुलगा विचारतोय, औषध स्ट्राँग करून घेऊया का? अरे, आधी बाबांना उठू तर दे! डॉक्टरांना विचारून खुर्चीतून उठबस सुरू केली, मग पॅसेजमध्ये फेऱ्या. नाकाने श्वास आत, ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ सावकाश बाहेर, आणि जोर लावायचा तेव्हा श्वास सोडायचा, जिन्यावरही तसंच. बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. दोनेक महिन्यांनी काका काकूंबरोबर तलावपाळीला जाऊन बसले, स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून करायच्या फुप्फुसाच्या तपासणीत, काही फरक नसताना.

आठवड्यात व्यायाम सोडून देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. निदान ६ ते ८ आठवडे द्यावेच लागतात आणि नंतर बंद केलं की कमावलेलं जातं.

दुसरी चूक इनहेलरची. पंप दाबल्यावर तोंडातून पांढरा धूर बाहेर आला म्हणजे औषध वाया. पंपाला सावकाश खोल श्वास घेऊन १० सेकंद रोखायचा, कॅप्सूलमधली पावडर ओढायच्या इनहेलरला मात्र जोरात ओढायचं, लोक नेमकं उलटं करतात, एका आजींनी तर कॅप्सूल पाण्याबरोबर गिळलेली. पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, लावाच. मी प्रत्येक वेळी समोर घ्यायला लावते आणि गप्प बघते, कारण तोंडी विचारलं तर सगळ्यांना सगळं येत असतं. स्टेरॉइडवालं असेल तर नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशी होते.

बरं वाटलं म्हणून रोजचं इनहेलर बंद करू नका.

घरच्या ऑक्सिजन मशीनचा फ्लो मनाने वाढवू नका. सीओपीडीत बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन साधारण ८८ ते ९२ टक्के पुरतो, ९८ च्या हट्टापायी काहींचा कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येते.

अगरबत्ती, धूप, मच्छरची कॉइल बंद. फ्लूची लस दरवर्षी.

आणि कफाचा रंग बदलला, दम नेहमीपेक्षा वाढला तर पावसात कुठे जायचं म्हणून दोन दिवस वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.