स्वतःचा फेडिव्हर्स सर्व्हर: उभारणी, जोडणी आणि निगा

फेडिव्हर्समध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र समाजमाध्यम सर्व्हरांच्या जाळ्यात, स्वतःचा सर्व्हर उभारताना सर्वांत मोठा निर्णय सॉफ्टवेअर बसवण्याच्या आधीच घ्यावा लागतो, आणि तो डोमेनचा असतो. जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मान्यता दिलेल्या अ‍ॅक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलमध्ये (सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांत) प्रत्येक खात्याची आणि प्रत्येक पोस्टची ओळख म्हणजे एक पूर्ण वेब-पत्ता असतो. आपल्याला कोणी फॉलो केले, की त्या व्यक्तीचा सर्व्हर हा पत्ता आणि आपल्या खात्याची सार्वजनिक किल्ली (आपली डिजिटल स्वाक्षरी तपासण्याची किल्ली) स्वतःच्या डेटाबेसमध्ये नोंदवून ठेवतो. पुढे डोमेन बदलले, तर इतर सर्व्हरांच्या लेखी आपण नव्याने आलेले अनोळखी ठरतो. म्हणून जे नाव अनेक वर्षे सांभाळता येईल आणि ज्याचे नूतनीकरण चुकणार नाही, असेच नाव घ्यावे.

मॅस्टोडॉन या फेडिव्हर्सच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी दोन स्वतंत्र सेटिंग आहेत. ‘लोकल डोमेन’ हे हँडलमध्ये (@नाव@डोमेन अशा खात्याच्या नावात) दिसते, तर ‘वेब डोमेन’ या पत्त्यावर प्रत्यक्ष सर्व्हर चालतो. मुख्य डोमेनवर आधीपासून संकेतस्थळ असेल, तर सर्व्हर उपडोमेनवर ठेवून हँडल मुख्य डोमेनचेच वापरता येते. मात्र त्यासाठी मुख्य डोमेनकडे येणाऱ्या वेबफिंगरच्या, म्हणजे हँडलवरून खात्याचा पत्ता विचारण्याच्या पद्धतीच्या, विनंत्या उपडोमेनकडे वळवाव्या लागतात. ही रचना सुरुवातीलाच ठरवावी, कारण लोकल डोमेन नंतर सुरक्षितपणे बदलण्याची सोय नाही.

सॉफ्टवेअरची निवड वापरकर्त्यांच्या संख्येवर आणि हाताशी असलेल्या वेळेवर सोपवावी. २०१६ मध्ये आलेला मॅस्टोडॉन सर्वाधिक परिचित आहे, परंतु त्याच्यासोबत पोस्टग्रेस हा डेटाबेस, रेडिस हा तात्पुरता साठा, मागे चालणारी कामे रांगेने उरकणारा साइडकिक आणि स्ट्रीमिंगची वेगळी सेवा अशा अनेक गोष्टी चालत्या ठेवाव्या लागतात. एकट्यासाठी किंवा मोजक्या मित्रांसाठी सर्व्हर हवा असेल, तर मी गोटूसोशलचा विचार आधी करण्यास सुचवेन. तो गो भाषेत लिहिलेला असून एसक्यूलाइटवरही चालतो आणि मेमरी फारच कमी घेतो. त्याला वाचन-लेखनाचा स्वतःचा वेब-पडदा नाही. मॅस्टोडॉनसाठी असलेली अनेक अ‍ॅप त्याच्याशी जोडून वापरता येतात. छायाचित्रांसाठी पिक्सेलफेड, व्हिडिओसाठी पीअरट्यूब आणि चर्चेसाठी लेमी आहे; प्रोटोकॉल एकच असल्याने यांच्यातही देवाणघेवाण होते.

बसवण्याची प्रक्रिया प्रत्येक प्रकल्पाच्या अधिकृत दस्तऐवजात क्रमवार दिलेली आहे, तीच पाळावी. समोर एनजिन्क्स हा वेब-सर्व्हर, लेट्स एन्क्रिप्टचे मोफत सुरक्षा-प्रमाणपत्र आणि त्याच्या आपोआप नूतनीकरणाची व्यवस्था एवढे असावे. पासवर्ड बदलण्याचे ईमेल लोकांपर्यंत पोहोचावेत, यासाठी डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या (ईमेल खरोखर आपल्याच डोमेनचे असल्याचे पटवणाऱ्या) नोंदी कराव्यात. अनेक होस्टिंग कंपन्या ईमेल पाठवण्याचे पोर्ट २५ बंद ठेवतात; तिथे ईमेल पाठवण्यासाठी वेगळी सेवा घेणे सोयीचे.

खरी परीक्षा जोडणीची असते. दुसऱ्या सर्व्हरवरून कोणी आपले हँडल शोधले, की तो सर्व्हर प्रथम वेबफिंगरद्वारे आपल्या खात्याचा पत्ता विचारतो, मग त्या पत्त्यावरून खात्याची माहिती आणि सार्वजनिक किल्ली घेतो, आणि त्यानंतर फॉलोची विनंती आपल्या इनबॉक्सकडे (इतर सर्व्हरांचे संदेश स्वीकारणाऱ्या पत्त्याकडे) पाठवतो. आपल्या सर्व्हरने ती स्वीकारल्याचे कळवले, की पुढच्या पोस्ट आपल्याकडून तिकडे जाऊ लागतात. कुठे अडते आहे हे या क्रमावरूनच शोधावे. हँडल सापडतच नसेल, तर वेबफिंगर किंवा वळवणी तपासावी. हँडल सापडते पण फॉलो ‘प्रलंबित’ राहतो, अशा वेळी विनंती आपल्यापर्यंत पोहोचते का, की उत्तर बाहेर जात नाही, हे लॉगमध्ये पाहावे. प्रत्येक संदेशावर डिजिटल स्वाक्षरी असते आणि तिच्यात होस्टचे नाव व वेळ यांचा समावेश असतो. त्यामुळे समोरच्या प्रॉक्सीने (जसे एनजिन्क्सने) विनंतीतले होस्टचे नाव, म्हणजे होस्ट हेडर, बदलला किंवा सर्व्हरचे घड्याळ फार चुकले, तर स्वाक्षरी अमान्य ठरते. बॉटना अडवणारी यंत्रणा पुढे लावली असेल, तर ती इतर सर्व्हरांनाही बॉट समजून अडवू शकते. इनबॉक्सचा मार्ग तिच्यातून वगळावा.

जोडणी झाल्यावरही नवा सर्व्हर ओकाबोका दिसतो, आणि तो बिघाड नव्हे. एखाद्याला फॉलो केल्यानंतर त्याच्या नव्या पोस्ट येऊ लागतात. जुन्या आपोआप येत नाहीत. रिले (अनेक सर्व्हरांच्या सार्वजनिक पोस्ट एकमेकांकडे पोहोचवणारी सेवा) जोडल्यास अनोळखी पोस्टचा मोठा ओघ सुरू होतो आणि डिस्क भराभर भरते, म्हणून लहान सर्व्हरने आवडीची माणसे शोधून फॉलो करण्याचा संथ मार्ग धरावा, असे माझे मत आहे.

दैनंदिन निगेत सर्वाधिक जागा खाते ती इतर सर्व्हरांवरून आलेल्या चित्रांची कॅश, म्हणजे तात्पुरत्या प्रती. मॅस्टोडॉनमध्ये टूटसीटीएल या साधनाने ती ठरावीक दिवसांनी साफ करावी. गरज पडल्यास ती चित्रे पुन्हा मागवता येतात. साइडकिकची रांग वाढतच असेल, तर पोस्ट उशिरा पोहोचत आहेत असे समजावे. बॅकअपमध्ये डेटाबेस, गुप्त किल्ल्या असलेली कॉन्फिगरेशन फाइल आणि आपल्या वापरकर्त्यांनी चढवलेली माध्यमे यांचा समावेश हवाच, आणि तो बॅकअप दुसऱ्या ठिकाणी उतरवून पाहायला हवा. डेटाबेस गेला, तर इतरांच्या यादीत आपण असतो, पण आपल्या सर्व्हरला मात्र कोणीच आठवत नाही.

नोंदणी सर्वांना खुली ठेवून लक्ष न देणे हा शेजाऱ्यांवरचा अन्याय आहे. स्पॅम करणारे अशीच दारे शोधतात, आणि मग इतर सर्व्हर आपले संपूर्ण डोमेनच बंद करतात, ज्याचा फटका निरपराध सदस्यांना बसतो. म्हणून नोंदणी मंजुरीने द्यावी, नियम स्पष्ट लिहावेत आणि तक्रारी रोज पाहाव्यात. त्रासदायक सर्व्हरला ‘मर्यादित’ करता येते किंवा पूर्णपणे ‘निलंबित’ करता येते. निलंबनाने फॉलोचे संबंध तुटतात, म्हणून इतर कोणीही केलेली बंदीची तयार यादी न वाचता लागू करू नये.

सर्व्हर बंद करायचाच झाला, तर सदस्यांना पुरेशी आधी सूचना द्यावी. खाते हलवल्यास फॉलोअर नव्या ठिकाणी जातात, परंतु पोस्ट जात नाहीत. त्यांची प्रत प्रत्येकाने उतरवून घ्यावी. त्यानंतर मॅस्टोडॉनमध्ये स्व-विसर्जनाची आज्ञा चालवावी, जिच्यामुळे खाती काढून टाकल्याचे संदेश ज्ञात सर्व्हरांना जातात, आणि ती रांग पूर्ण रिकामी होईपर्यंत यंत्र व डोमेन दोन्ही चालू ठेवावेत.